तीन पिशव्या

लिस्बनमधल्या त्या स्वयंपाकाच्या वर्गात पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "कुणाला काही चालत नाही, असं आहे का?"

सहा जणांत आम्ही दोघी भारतीय. मी तोंड उघडायच्या आत माझी मैत्रीण म्हणाली, "आम्ही दोघी शाकाहारी आहोत."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मी वेंगुर्ल्याची. मे महिन्यात आमच्या अंगणात माणसांपेक्षा बांगडे जास्त असतात. पावसाळ्याच्या बेगमीचे सुके बोंबील, जवळा, मीठ भरून ठेवलेला खारा बांगडा हे सगळं आई स्वतः करते. कावळे हाकलण्याच्या पाळ्या आम्ही भावंडांनी शाळेच्या वेळापत्रकासारख्या वाटून घेतल्या होत्या. तर अशी मी, परदेशात, मासे शिकायला आलेल्या वर्गात, शाकाहारी म्हणून मान हलवून मोकळी झाले. आणि खरं सांगायचं तर मला ते जडही गेलं नाही. पाच वर्षांची सवय होती.

पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा घर शोधून देणारा एजंट जिन्यातच म्हणाला होता, "मॅडम, विचारलं तर व्हेज सांगा." वर गेल्यावर घरमालकांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग दोन सेकंद थांबून तो प्रश्न विचारला. मी व्हेज सांगितलं. त्याच घरात ही मैत्रीण माझी रूममेट म्हणून आली. ती जन्माची शाकाहारी. तिला वेगळं सांगितलं असतं तर तिने मालकांना सांगितलं नसतं, हे आज कळतं. तेव्हा धोका पत्करला नाही. एकदा सांगितलेलं खोटं रोज वेगळं सांगावं लागत नाही, ते आपोआप चालू राहतं.

आई दर खेपेला सुकं देत असे. एका पिशवीत घालून गाठ, मग दुसरी पिशवी, मग तिसरी. मी ते बॅगेत कपड्यांच्या तळाशी ठेवत असे आणि बॅग माळ्यावर. मैत्रीण शनिवार-रविवारी घरी गेली की खिडक्या लावून, उदबत्त्या पेटवून मी दोन बोंबील भाजायची. खायला पाच मिनिटं लागायची आणि वास घालवायला दोन दिवस.

कंपनीने आम्हा दोघींना एकाच प्रोजेक्टवर लिस्बनला पाठवलं. माझ्या वाढदिवसाला ऑफिसातल्या लोकांनी दोघींसाठी चार शनिवारांच्या वर्गाचं कूपन दिलं. विषय होता 'पेतिश्कुश'. म्हणजे पोर्तुगीज लोक गप्पा मारत, मधे ताटली ठेवून, सगळ्यांत मिळून जे थोडं थोडं खातात ते. एकट्याचं ताट इथे नसतं. गल्लीतल्या छोट्या खाणावळीला 'ताश्का' म्हणतात. तिथे कागद अंथरलेल्या टेबलावर चार-पाच ताटल्या येतात आणि सगळ्यांचे काटे सगळ्या ताटल्यांत फिरतात. त्याला स्पेनच्या शब्दात 'तापास' म्हटलं की बाईंच्या भुवया वर जायच्या. पोर्तुगीजांची एक म्हणच आहे, जो धोका पत्करत नाही त्याला पेतिश्कु मिळत नाही. बाईंनी ती म्हण पहिल्या दिवशी फळ्यावर लिहिली होती. मी ती वहीत उतरवून घेतली आणि शाकाहारीच राहिले.

वर्ग बाजारात सुरू व्हायचा. अठ्ठावीस नंबरची ट्राम जिथे संपते त्या भागाचं नाव कांपो दे ओरीक. तिथला मंडईचा बंदिस्त हॉल 1934 सालचा. आता त्यात मधोमध खाण्याचे स्टॉल आणि उंच खुर्च्या आल्या आहेत, पण कडेला अजून भाजीवाल्या आणि मासेवाल्या बसतात. शनिवारी सकाळी साडेनऊला आम्ही पिशव्या घेऊन बाईंच्या मागे. बाई सत्तरीच्या आसपास, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी पहिला नियम सांगितला, सोमवारी मासा घेऊ नका, रविवारी होड्या बाहेर जात नाहीत. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला.

त्या मासळीच्या ओट्यांसमोर उभं राहणं कठीण होतं. 'कवाला' म्हणून जो मासा होता तो आमच्या बांगड्याचा चुलतभाऊ, पाठीवर निळ्या-काळ्या नागमोडी रेषा. बाई गिऱ्हाइकांना कल्ले उघडून दाखवत होत्या, लाल हवेत, तपकिरी नकोत. माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी तो खिशात घातला. मैत्रीण नाकाला रुमाल लावून कोथिंबिरीच्या गाड्याशी जाऊन उभी राहिली होती. मीही तिकडे गेले.

कोथिंबिरीचं मात्र दोघींनाही आश्चर्य वाटलं. युरोपात बाकीकडे पार्सली चालते, इथे कोथिंबिरीच्या जुड्या. विशेषतः दक्षिणेकडच्या अलेंतेझू भागातल्या स्वयंपाकात तिच्याशिवाय पान हलत नाही. शेजारी एक बाई हाताने फिरवायच्या यंत्रात हिरवी मोठी पानं घालून त्यांचा केसासारखा बारीक कीस पाडत होती. 'कोव' म्हणाली. म्हणजे आपला कोबीच, शब्द इथूनच आलेला, पण हिचा गड्डा बांधत नाही, पानंच असतात. बटाट्याच्या दाट सूपमध्ये हा कीस टाकला की 'काल्दू वेर्द' होतं, हिरवं सूप. त्यात वर सॉसेजची एक चकती असते. आमच्या दोघींच्या वाडग्यांतून बाईंनी ती आठवणीने काढून ठेवली.

पहिल्या शनिवारचा मुख्य पदार्थ होता 'पैशिन्युश दा ऑर्ता'. शब्दशः अर्थ, मळ्यातले छोटे मासे. प्रत्यक्षात फरसबीच्या शेंगा. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग पातळ पिठात बुडवून तळायच्या. ताटलीत रचल्या की तळलेल्या मोदकांसारख्या... नाही, तळलेल्या मांदेल्यांसारख्या दिसतात. ख्रिस्ती उपासाच्या दिवसांत मांस चालत नसे, त्या दिवसांतला हा पदार्थ. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जपानला पोचले आणि त्यांच्या या तळणीतूनच जपानी तेंपुरा निघाला असं मानतात. उपासाच्या काळाला लॅटिनमध्ये जे नाव होतं, त्यावरून तो शब्द आला असंही सांगतात. मैत्रिणीला शेंगा फार आवडल्या. "बघ, मासे नसलेले मासे," ती मला म्हणाली. मी माशांचं सोंग घेतलेली शेंग खात होते आणि शेंगेचं सोंग मी घेतलं होतं.

तेवढ्यात बाईंनी दुसऱ्या चुलीवर तिसऱ्या टाकल्या. इथे त्यांना 'अमेझ्वाश' म्हणतात. मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू टाकायला लावलेल्या. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, मग तिसऱ्या, वर झाकण. दोन-तीन मिनिटांत शिंपले उघडले. जो उघडत नाही तो फेकायचा. वर मूठभर कोथिंबीर, लिंबू. खाली उरलेला रस पावाने पुसून खायचा. या पदार्थाला बुल्यांव पातू नावाच्या कवीचं नाव आहे. एकोणिसाव्या शतकातला कवी, 1912 मध्ये वारला. आज त्याच्या कविता वाचणारे थोडे, त्याच्या नावाच्या तिसऱ्या खाणारे लाखो. झाकण उघडलं तेव्हा जी वाफ आली ती थेट आमच्या मागच्या पडवीतली होती. खोबरं नव्हतं, तिरफळ नव्हतं, तरी समुद्र तोच होता. बाकीचे चार जण बोटं चाटत होते. मी सूपमधल्या बटाट्याचं कौतुक केलं.

दुसरा शनिवार बकल्यावचा. कॉड मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळतच नाही. तो नॉर्वे, आइसलंडकडून येतो. तरी इथला राष्ट्रीय मासा तोच, तोही ताजा नव्हे, मिठात घालून वाळवलेला. त्याला लाडाने 'इमानी मित्र' म्हणतात. विसाव्या शतकात सत्तरच्या दशकापर्यंत इथली गलबतं न्यूफाउंडलंड, ग्रीनलंडपर्यंत जायची. तिथे एकेक माणूस एकेकट्या छोट्या होडीत उतरून दिवसभर हातगळाने कॉड धरायचा, सहा सहा महिने घरापासून लांब. सालाझारच्या राजवटीने या मासेमारीला देशसेवेचं रूप दिलं होतं. तो सगळा इतिहास बाईंनी फरशीवर आपटला तर आवाज होईल असा एक मासा हातात धरून सांगितला.

त्याआधी त्या आम्हाला शहराच्या खालच्या भागात, रुआ दो आर्सेनाल या रस्त्यावर घेऊन गेल्या होत्या. तिथे जुनी बकल्यावची दुकानं आहेत. दारातच फळ्यांसारख्या माशांच्या थप्प्या, दुकानदार करवतीसारख्या पात्याने तुकडे पाडतोय, आणि वास? वास फुटपाथ ओलांडून पलीकडे जातो. सुटाबुटातले लोक रांगेत उभे होते. एक म्हातारे गृहस्थ तुकडा नाकाशी धरून डोळे मिटून हुंगत होते. कुणी खिडकी लावली नाही. कुणी उदबत्ती पेटवली नाही. नाताळच्या आदल्या रात्री घरोघरी हाच मासा बटाटा आणि कोवबरोबर उकडून खातात, तेव्हा अख्ख्या इमारतीला हाच वास येत असणार, आणि त्या वासाला ते सण म्हणत असणार.

त्या रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मगे आमच्या खाऱ्या बांगड्यान काय पाप केल्यान?"

मला उत्तर देता आलं नाही. कपाटात माझ्या बॅगेच्या तळाशी चार महिन्यांपूर्वी तिने दिलेले सहा खारे बांगडे होते. लिस्बनमध्येही पिशव्या तीनच होत्या.

आणि लिस्बन काही वासांच्या बाबतीत साधुसंत नाही. आम्ही घर शोधत होतो तेव्हा एका मालकिणीने कागदपत्रं बघून झाल्यावर विचारलं होतं, "तुम्ही घरात करी करणार का?" मार्तिम मोनीशच्या आसपास बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी दुकानं आहेत. तिथून जाताना नाक मुरडणारे लोकही मी पाहिले आहेत, त्यांच्या हातातल्या पिशवीत कदाचित बकल्याव असेल. त्या मालकिणीने आम्हाला घर नाकारलं. बाहेर आल्यावर मैत्रीण रस्त्यावरच रडली. "मी मोहरी-हिंगाची फोडणी देते फक्त, त्यात वास कसला?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिला हा प्रश्न आयुष्यात कुणी पहिल्यांदाच विचारला होता. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझ्या मनात जे आलं ते बोलायची ती वेळ नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

वर्गात बकल्यावच्या 'पतानिश्कश' केल्या. दोन दिवस पाणी बदलत भिजवलेला मासा कुसकरून, कांदा, हिरवी पानं, अंडं, पीठ घालून तळलेले चपटे वडे. आमच्यासाठी बाईंनी वेगळ्या भांड्यात मासा वगळून पीठ कालवलं, वेगळ्या कढईत वेगळ्या तेलात तळलं. ती सरळ कांदाभजी झाली. सत्तरीची बाई आमच्यासाठी दुसरी कढई घासत होती. तेव्हा पहिल्यांदा मला लाज वाटली, आणि ती वासाची लाज नव्हती.

तिसऱ्या शनिवारी 'अल्येइरा'. दिसायला डुकराच्या मांसाच्या सॉसेजसारखा घोड्याच्या नालाच्या आकाराचा पदार्थ. आत मात्र पाव, कोंबडी, लसूण, पाप्रिका. 1497 मध्ये पोर्तुगालमधल्या ज्यूंना बळजबरीने ख्रिस्ती केलं गेलं. पुढे 1536 मध्ये इन्क्विझिशन आलं आणि ते 1821 पर्यंत टिकलं. वरून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाच्या चुलीवर काय शिजतं, डुक्कर खातात की टाळतात, यावर शेजाऱ्यांची नजर असे. कथा अशी सांगतात, की उत्तरेकडच्या ज्यू घरांनी कोंबडी आणि पावाची सॉसेजं करून इतरांसारखीच धुरावर टांगली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, खातात हे. ही कथा जशीच्या तशी खरी असेलच असं नाही, इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहेत. पण ती इतकी वर्षं सांगितली जाते, याचा अर्थ ऐकणाऱ्यांना ती पटते.

हेच इन्क्विझिशन 1560 मध्ये आमच्या शेजारी गोव्यात आलं. तिथे 1736 च्या हुकुमात हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही बंदी होती. भातात मीठ आहे की नाही हे कुणी तपासायला येत असेल, तर तो चाखून बघत असेल का? की मोलकरणीला विचारत असेल? मी हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तपासायला बाहेरचा माणूस लागत नाही मुली. शेजारी पुरतो."

आमच्या दोघींसाठी त्यांनी सुपरमार्केटमधून शाकाहारी अल्येइरा शोधून आणला होता. डुकराचं सोंग घेणाऱ्या कोंबडीचं सोंग घेतलेल्या भाज्या. माझ्या घशाखाली तो उतरेना.

परत येताना आम्ही एका कॅफेत थांबलो. काचेच्या कपाटात 'शमूसा' होता. गोव्याकडून इथे आलेला आपला समोसाच, आता इथल्या प्रत्येक कॅफेत मिळतो. मैत्रिणीचा चेहरा उजळला. तिने बोट दाखवलं आणि मी पटकन तिचा हात धरला. "त्यात खिमा असतो," मी म्हणाले. तिने विचारलं, "तुला कसं माहीत?"

"वाचलं कुठेतरी," मी म्हणाले. मी तो ऑफिसजवळ अकरा वेळा तरी खाल्ला होता.

बाईंनी चौथ्या शनिवारसाठी सांगून ठेवलं होतं, प्रत्येकाने आपल्या घरचा एक पेतिश्कु आणायचा. मैत्रिणीने कोथिंबीर वडी ठरवली. मी बटाटेवडा म्हणाले होते. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, सगळे खूश झाले असते.

शुक्रवारी रात्री मी बॅग उघडली. तिन्ही गाठी सोडल्या. वास चार महिने वाट बघत बसल्यासारखा बाहेर आला. मोठ्या वाडग्यात पाणी घेऊन सहाही बांगडे त्यात बुडवले आणि वाडगा स्वयंपाकघरात ओट्याच्या मधोमध ठेवला. झाकण ठेवलं नाही. खिडकी उघडी होती, ती उघडीच ठेवली. मग रात्रभर जागी राहिले. दोनदा उठून पाणी बदललं. तिसऱ्यांदा उठायचं धाडस झालं नाही, कारण मैत्रिणीच्या खोलीतला दिवा लागला होता.

सकाळी ती ओट्यापाशी चहा गाळत उभी होती. वाडगा तिच्यापासून एक हात लांब.

"हे माझे आहेत," मी म्हणाले. "मी शाकाहारी नाहीये. कधीच नव्हते."

"माहितीये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पुण्यापासून. पहिल्या दिवाळीपासूनच. तुझ्या बॅगेला वास यायचा. आणि मी रविवारी रात्री परत आले की घरात देवळासारख्या उदबत्त्या."

मी खाली बसले. "मग बोलली का नाहीस कधी?"

"तुला वाईट वाटलं असतं." तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि खरं म्हणजे मला सोयीचं होतं. तू लपवत होतीस तोवर माझ्यासमोर ते नव्हतं."

"मग इथे बाईंना आपण दोघी शाकाहारी असं का सांगितलंस?"

"सवयीने. तू इतकी वर्षं तेच सांगत होतीस, मला वाटलं तुला तेच हवंय." मग ती खिडकीकडे बघत म्हणाली, "त्या मालकिणीने विचारलं ना त्या दिवशी, तेव्हा वाटलं होतं तुला काहीतरी बोलावं. पण काय बोलणार?"

आम्ही मिठी वगैरे मारली नाही. ती रुमाल नाकाला लावून कोथिंबीर वडीचं पीठ भिजवत राहिली. मी बांगडे पुसून तव्यावर भाजले. एकच चूल मोकळी होती म्हणून आधी तिच्या वड्या, मग माझे बांगडे. वास सगळ्या जिन्यात गेला असणार. खालच्या मजल्यावरून कुणीतरी काहीतरी म्हणालं. शिव्या होत्या की चौकशी, कळलं नाही.

भाजलेले बांगडे काटे काढून कुसकरले. कांदा, आईने पाठवलेली कोकमं भिजवून, लाल तिखट, मार्तिम मोनीशच्या दुकानातून आणलेलं ओलं खोबरं. किसमूर तयार. ताटलीत काढल्यावर ते खरोखरच पेतिश्कु दिसत होतं.

वर्गात मी बाईंना सगळ्यांसमोर सांगितलं, की मी तीन आठवडे खोटं बोलले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे मी दुसरी कढई उगाच घासली?"

"माझ्यासाठी उगाच," मी म्हणाले. "हिच्यासाठी नाही."

त्या हसल्या नाहीत. मी माफी मागितली, ती त्यांनी मान हलवून घेतली की घेतली नाही, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. मग काट्याने किसमूरचा एक घास घेतला, चावत चावत छताकडे पाहिलं आणि विचारलं, "किती तास भिजवलंस?"

"दहा."

"पाणी किती वेळा बदललंस?"

"दोनदा."

"तीनदा बदलायला हवं होतं. मीठ उरलंय." आणि त्यांनी दुसरा घास घेतला. ताटली मधे सरकवली. बाकीचे काटे आले. मैत्रिणीचा आला नाही, पण तिने ताटलीसाठी जागा करायला आपल्या वड्यांची ताटली बाजूला घेतली.

रात्री आईला फोन केला. कसं झालं, कुणी कुणी खाल्लं, खोबरं ताजं होतं की फ्रिजरमधलं, सगळं विचारून झालं. मग तिने जरा आवाज खाली आणून विचारलं, "वास नाय इलो कोणाक?"

"इलो," मी म्हणाले.

"मगे?"

"मगे काय. एक पाणी कमी पडला."